चिमट्यातला खुनी

सुगंधा आपल्या सासऱ्याला रोज दुपारी खून वाचून दाखवते, ही गोष्ट खाजणवाडीत आता कोणाला नवी राहिली नव्हती. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. सुनेनं सासऱ्याला हरिपाठ वाचून दाखवावा, फार तर पेपर. ही बया मासे विकून आली, अंगावर दोन तांबे पाणी घेतलं, पेज जेवली की पडवीत बसून "रक्ताचा ओघळ दारापर्यंत आला होता" असं खणखणीत आवाजात सुरू करते. आणि म्हातारा डोळे मिटून मान हलवतो, "हां, म्हणजे जमीन दाराकडे उतरती आसा. ध्यानात ठेव गो." आता अशा घराला काय म्हणायचं?

घरात माणसं दोनच. सुगंधाचा नवरा गंगाराम तापाचं निमित्त होऊन गेला, त्याला काही वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. आबा, म्हणजे तिचा सासरा, जन्मभर रापणीवर जाळं ओढलेला माणूस. त्याचे डोळे काचबिंदूनं नेले. गंगाराम असेपर्यंत सून सासऱ्याशी त्याच्यामार्फतच बोलायची. तो गेल्यावर मधला माणूसच उरला नाही. "वाढू?" "वाढ." "दिवो लावलंय." "बरा केलंस." दिवसभरात एवढंच. घरातली शांतता अशी वाढली की सुगंधा मुद्दाम भांडी आपटायची.

एक दिवस गावच्या वाचनालयातल्या दत्तप्रसादनं बांगडे विकत घेताना तिच्याशी गप्पागजाली करता करता एक फाटकं पुस्तक तिच्या हातात दिलं. 'दळवी-डिमेलो, खासगी शोधक, वेंगुर्ले' या मालिकेतलं पहिलं. तिनं ते आपल्यासाठीच आणलं होतं. पण ओठ हलवत, पुटपुटत वाचायची तिची सवय. दुसऱ्याच पानावर खोलीतून आवाज आला, "मोठ्यान वाच मा. मेलो कोण?"

तिथून सुरू झालं ते सुरूच राहिलं. वेंगुर्ल्यात एका बेकरीच्या माडीवर ऑफिस थाटलेले हे दोघे. दळवी नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, खुर्चीतून न उठता विचार करणारा. आणि रोझी डिमेलो स्कूटरवरून अख्खा जिल्हा पालथा घालून लोकांच्या पोटातलं काढून आणणारी. आबांना दळवी आवडायचा, कारण तो बसून असायचा. सुगंधाला रोझी, कारण ती बसायची नाही. रोझी दारोदार फिरते आणि लोक तिला न विचारता सगळं सांगतात, हे वाचून सुगंधा म्हणायची, "ह्या खरां आसा हां आबानू. पाटी डोक्यावर घेवन गेला की बायका माका पन सगळा सांगतत."

आबांचा संशय प्रत्येक पुस्तकात एकाच माणसावर. पुतण्या. कथेत पुतण्या आला की आबा मांडी ठोकून सांगायचे, "होच." पुतण्या नसला तर भाच्यावर भागवायचे. इतकी पुस्तकं झाली, पण एकाही पुतण्यानं आबांची लाज राखली नाही. तरी म्हातारा हटायला तयार नाही. "लिवणारो चुकलो," म्हणायचे.

मग मालिकेतलं शेवटचं पुस्तक हातात आलं. लिहिणारा वारला होता, पुढचं येणार नव्हतं. 'बंद गोदामातली खुर्ची.' काजूच्या कारखान्याचा मालक आतून कडी लावलेल्या गोदामात खुर्चीवर बसलेला, मेलेला. पुतण्या होता, डॉक्टर होता, मुकादम होता, दुसरी बायको होती. दोघांनी ठरवलं की हे पुरवून पुरवून वाचायचं. रोज एकच प्रकरण. आणि पुढचं पान कोणी चोरून बघायचं नाही.

"माका खंय दिसता बघूक?" आबा म्हणाले. "चोर तूच."

सुगंधाला राग आला. तिनं तिथल्या तिथे पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं, जी शिवण उसवून आधीच सुटी झाली होती, वेगळी केली. त्यांना कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावला आणि देव्हाऱ्याच्या फळीवर देवाच्या तसबिरीमागे उभी करून ठेवली. "आता देवच राखणदार. मगे तर झाला?"

झालं. आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण त्याच आठवड्यात गावपळण लागली. दर काही वर्षांनी देवाच्या हुकमानं खाजणवाडी अख्खी गाव सोडते. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, माणसाचं पाऊल पडत नाही. चौथ्या सकाळी फक्त गुरव आणि मानकरी देवळात जातात, देवाला कौल लावतात. देवानं उजवा दिला की नगारा वाजतो आणि लोक घरी परततात. डावा दिला तर आणखी एक दिवस बाहेरच.

गाव सोडायचा नगारा झाला तेव्हा सुगंधानं सगळं आठवून आठवून घेतलं. तांदूळ, सुकट, चूल, चादरी, आबांच्या गोळ्या, खुराड्यासकट कोंबड्या, आणि अगदी वरती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पुस्तक. होडीनं खाडी ओलांडून पलीकडच्या माडांच्या बागेत झापांची रावटी उभी केली, आबांना खाटेवर बसवलं, आणि दुपारी पुस्तक उघडल्यावर तिच्या काळजात धस्स झालं. पुस्तक होतं. चिमटा खाडीपलीकडे होता.

एरवी याचं हसू झालं असतं. पण या वेळी धाकटा दीर दीपेश मुंबईहून आला होता, आणि तो गावपळणीच्या मजेला आलेला नव्हता. आबांच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. चार पावलं चालले की म्हातारा धापा टाकायचा. मुंबईच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली होती आणि दीपेशनं गाडीची तिकिटं काढून ठेवली होती. गावपळण संपेल, एक दिवस घरी काढायचा, मग निघायचं, असा त्याचा हिशोब. या वयात हे झेपेल का, असं सुगंधानं त्याला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा त्यानं माडाच्या शेंड्याकडे बघितलं. तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं.

आणि आबा? आबांना आपल्या झडपेपेक्षा त्या मालकाच्या गोदामाची काळजी जास्त. "एक दिवस गावतलो ना घराकडे? बस झालो. दोन प्रकरणां वाचून होतली. एकदा शेवट कळलो की मी मोकळो."

हा 'मोकळो' शब्द सुगंधाला आवडला नाही.

त्या दुपारी तिनं उरलेलं एक प्रकरण वाचलं. रावटीच्या झापांना कान असतात. दुसऱ्या दिवशी शेजारची भक्ती कोळंबी सोलायचं निमित्त करून येऊन बसली आणि म्हणाली, "पयल्यापासून वाच मा. माका काय समाजला नाय." बाहेर कामधंदा काय होता? पत्ते कुटायचे, भजनं करायची, खाडीत गरी टाकून बसायचं. बघता बघता खाटेभोवती माणसं जमली. सुगंधा सकाळ-दुपार वाचत होती, घसा बसला की भक्ती गरम पाणी आणून देत होती. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच जागी येऊन थांबली, जिथे दळवी म्हणतो, "रोझी, सगळ्यांना गोदामात बोलाव," आणि पान संपतं.

"म्होरां?" कोणीतरी म्हणालं.

"म्होरां देव्हाऱ्यार आसा."

मग जो कालवा झाला तो काय सांगावा! अख्ख्या वाडीत दोन तट पडले. आबांच्या बाजूनं पुतण्यावाले, सुगंधाच्या बाजूनं डॉक्टरवाले. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनात. मुकादमावर संशय घेणारा एकच निघाला, त्याला दोन्ही बाजूंनी झोडपलं. पहिल्या दिवशी "हे काय पोरकट वाचता तुम्ही?" म्हणणारा दीपेशसुद्धा आता हातवारे करून सांगत होता की दुसऱ्या बायकोची गोदामाची चावी कोणी मोजलीच नाही.

खाडीपलीकडे घराची कौलं दिसत होती. ओहोटीला पाणी कमरेएवढंच उरायचं. सुगंधानं आबांच्या कानाशी वाकून विचारलं, "जावन येवं काय? कोणाक कळाचा नाय."

आबांनी आंधळे डोळे तिच्याकडे वळवले. "देवाक चोरून हाडलेलो खुनी माका नको. देवान जा म्हटल्यान की जावया."

चौथ्या सकाळी गुरव आणि मानकरी देवळात गेले. सगळी वाडी खाडीच्या काठाला येऊन उभी राहिली. एरवी लोक नगाऱ्याची वाट घरासाठी बघतात. या वेळी निम्मे तरी पुतण्यासाठी बघत होते. ऊन वर चढलं. गाज ऐकू येत होती, माडाची चुडतं सळसळत होती, नगारा मात्र वाजेना. शेवटी होडी परत आली आणि गुरवानं लांबूनच डावा हात वर केला.

आणखी एक दिवस. आणि उद्या सकाळी आबांना इथूनच कणकवली स्टेशनावर न्यायचं होतं.

"तारीख पुढे ढकलता येणार नाही, वयनी," दीपेश म्हणाला. "मिळता मिळता मिळालीय."

"मी तुका ढकल म्हटलंय?" सुगंधा त्याच्यावर खेकसली. तिला रडू येत होतं आणि रडू आलं की ती खेकसायची. "रवांदे गो," आबा खाटेवरून म्हणाले. "एका पुस्तकाचो शेवट नाय कळलो म्हणान काय बिघाडता?"

म्हातारा असं म्हणाला म्हणूनच तिनं पदर खोचला. बिघडत होतं. सगळंच बिघडत होतं. या माणसाशी तिचं नातं पुस्तकावर उभं राहिलं होतं. त्याला अर्ध्या गोष्टीवर गाडीत बसवून द्यायचं आणि आपण रिकाम्या पडवीत येऊन भांडी आपटायची, हे तिला मान्य नव्हतं. रोझी डिमेलो असती तर काय केलं असतं? रोझीनं स्कूटर काढली असती. सुगंधाकडे स्कूटर नव्हती, पण एसटीचा थांबा होता.

तिनं दत्तप्रसादला गाठलं. "ह्या पुस्तक आणि खंय आसा?"

दत्तप्रसादनं दोन-चार ठिकाणी फोन फिरवले. जामसंड्याच्या वाचनालयात एक प्रत होती, पण ती सीताबाई घाडी नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं घरी नेली होती. त्यानं सीताबाईंना फोन लावला. त्या अर्ध्यावर होत्या. अर्धं पुस्तक देणार नाही, म्हणाल्या. मग शेवटच्या पानांचे फोटो तरी काढून पाठवा, असं दत्तप्रसाद म्हणाला, तर बाई भडकल्या. फोटो काढायचा म्हणजे शेवटची पानं उघडायची, आणि उघडली की डोळा पडणारच. इतकी वर्षं ही मालिका वाचतेय, एकदाही शेवट आधी पाहिला नाही, आता म्हातारपणी पाहू? फोन बंद.

दत्तप्रसादनं तोंड वाकडं केलं. सुगंधाचा मात्र जीव भांड्यात पडला. "बाई बरी आसा," ती म्हणाली. "आमच्यातलीच आसा. फोनार नाय म्हणूक सोपां. तोंडार सांगूंदे."

जामसंड्याला पोचेपर्यंत दुपार कलली होती. मधे एक एसटी भरून गेली म्हणून थांबलीच नाही, दुसरीनं तिला मिठबावात उतरवलं, तिथून एका आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या टेम्पोत ती पुढे बसून आली. घर विचारत विचारत गेली. मासेवालीला घर सापडत नाही असं होत नाही.

सीताबाई अंगणातच होत्या, आरामखुर्चीत, चष्मा नाकावर, पुस्तक हातात. किती वाचून झालंय ते सुगंधानं आधी बघितलं. अजून निम्मं बाकी.

"मी फोनवर सांगितलंय," सीताबाई म्हणाल्या. ऑफिसात बोलतात तसं शुद्ध. "आठ दिवसांनी या."

"बाईनू, माझो सासरो फाल्या सकाळी मुंबईक जातलो."

"मग आल्यावर वाचतील."

सुगंधा पायरीवर बसली. एवढा वेळ, एवढे दिवस तिनं हे कोणाला उघड सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. "काळजाचा ऑपरेशन आसा," ती म्हणाली. "येतलो काय नाय, माका ठावक नाय. त्येका दिसना नाय, मीच वाचतंय. ही सगळी पुस्तकां आमी दोघांनी मिळान वाचली. घरात आणि कोण नाय." तिचा आवाज फुटला आणि तिनं तो पदरानं पुसावा तसा तोंडावरून पदर फिरवला. "माका पुस्तक होया. मी घेतल्याबगर उठूचंय नाय."

सीताबाईंनी चष्मा काढला. मग हळूच विचारलं, आता मालवणीत, "सासऱ्याक संशय कोणाचो?"

"पुतण्याचो."

"आणि तुका?"

"डॉक्टराचो."

"माका मुकादमाचो," सीताबाई म्हणाल्या आणि पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. "परत देवक येशीत तेवा तोंडातसून एक शब्द काढशीत तर बघ. तुझ्या तोंडार पन काय दिसता कामा नये."

शेवटची एसटी निघून गेली होती. सीताबाईंनी तिला जेवायला घातलं, पडवीत अंथरूण दिलं. पुस्तक उशाशी होतं. दोन प्रकरणं, एवढीशी. सुगंधानं केसातला चाप काढला, शेवटच्या पानांना लावला आणि कुशीवर वळली. देव नव्हता, आबा नव्हते, कोणी बघणारं नव्हतं. म्हणूनच चाप काढायचा नाही, असं तिनं मनाशी घट्ट धरलं.

पहाटे तिनं दीपेशला फोन केला. "आचऱ्याच्या तिठ्यार माका घे."

"वयनी, गाडी चुकली तर..."

"मी रस्त्याच्या मधी उभी रवतंय. माका उडवन जा व्हयां तर."

ती खरंच रस्त्याच्या मधे उभी होती. एसटीनं तिला सोडलं आणि थोड्याच वेळात दीपेशनं ठरवलेली व्हॅन आली. मागच्या सीटवर आबा, अंगात धुतलेला सदरा, मांडीवर कापडाची पिशवी. सुगंधा त्यांच्या शेजारी शिरली, चाप काढून केसात खोवला आणि दाराची कडी लागायच्या आत सुरू केलं, "प्रकरण बाविसावे. गोदामात दिवा लावला होता, तरी कोपरे अंधारातच होते..."

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. व्हॅन वळणं घेत कणकवलीकडे निघाली. रस्ता खराब होता, अक्षरं उड्या मारत होती, पण सुगंधा एक शब्द चुकली नाही. दळवीनं खुर्चीचा हिशोब लावला. रोझीनं कडीला बांधलेल्या मासे पकडायच्या दोरीचा तुकडा दाखवला. "बघलंस!" आबा ओरडले. "गरीची दोरी! भायरसून कडी वडल्यान!" दीपेश पुढच्या सीटवरून पूर्ण मागे वळून बसला होता. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला. पुतण्याची बाजू जड झाली, मग डॉक्टरची, मग पुन्हा पुतण्याची. एका वळणावर आबांनी सुगंधाचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. हात थंड होता आणि बोटं रापणीच्या दोरानं घट्टे पडलेली.

"आता नाव इला की मी मोकळो गो," ते अगदी समाधानानं म्हणाले. "मगे काय्येक होवंदे."

स्टेशनाची पाटी दिसली. सुगंधा वाचत होती, "दळवी प्रथमच खुर्चीतून उठला. 'खुनी याच गोदामात आहे,' तो म्हणाला, 'आणि त्याचं नाव...'" पान संपलं. तिनं पान उलटायला बोट लावलं.

आणि थांबली.

काल सकाळपासून तिनं जिवाचं रान केलं होतं ते याच एका पानासाठी. पण तिनं म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. जेवून हात धुवून उठायला निघालेल्या माणसासारखा तो दिसत होता. सगळं आवरलेलं. एवढं नाव ऐकलं की झालं. तिला एकदम भयंकर राग आला. आपण कोणाची सोय करायला निघालो होतो? मोकळं व्हायची?

तिनं पुस्तक मिटलं. केसातला चाप काढला आणि शेवटच्या पानाला लावला.

"वाच मा," आबा म्हणाले.

"नाय."

"स्टेशन इला काय? थांबांदे गाडी. वाच."

"नाय वाचूचंय. येवा तुमी बरे होवन. मगे पडवीत बसान वाचूया."

व्हॅन थांबली होती. आधी दीपेशला कळेना, मग कळलं आणि तो उसळला. "वयनी, हे काय चाललंय? अहो, त्यांना ऐकू तरी द्या! निदान मला सांगा!"

"माका ठावक नाय. मी बघूक नाय, आणि तूव बघूचंस नाय."

आबा लाल झाले. एवढा राग त्यांच्या अंगात शिल्लक असेल असं कोणाला वाटलं नसतं. "सुगंधा! आंधळ्या माणसाक फसवतंस? पाप लागतला तुका!"

"लागांदे. पाप फेडूक मी हयच आसंय. तुमी येवा."

प्लॅटफॉर्मवर नेईपर्यंत म्हातारा तिला शिव्या घालत होता. धाप लागत होती तरी थांबत नव्हता. डब्यात बसल्यावरही खिडकीतून ओरडला, "पुतण्योच आसा! बघ तू!" गाडी हलली. सुगंधा खिडकीच्या बरोबरीनं थोडं चालली आणि मग उभी राहिली. चुकलं असेल तर? हा माणूस परत आला नाही तर त्याचा शेवट आपण अडवून ठेवला, हे घेऊन जन्मभर जगावं लागणार. तिनं ते मनात पूर्ण होऊ दिलं, गिळलं, आणि एसटी स्टँडकडे निघाली.

त्या दिवशी देवानं उजवा कौल दिला. नगारा वाजला, लोक घरी आले. सुगंधानं दार उघडलं, चूल पेटवली, दिवा लावला. तसबिरीमागे निळा चिमटा जसाच्या तसा होता. तासाभरात अर्धी वाडी दारात. भक्ती म्हणाली, "आता वाच मा." पुतण्यावाले, डॉक्टरवाले सगळे अंगणात उभे. सुगंधा उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभी राहिली आणि म्हणाली, आबा येईपर्यंत या घरात कोणी ते पान उघडणार नाही, आणि जामसंड्याच्या प्रतीचं नाव जो काढेल त्याला तिच्या पाटीतला मासा मिळणार नाही. लोक चिडले, तिला नावं ठेवली, पण गेले. तिनं जामसंड्याचं पुस्तक परत नेऊन दिलं, तेही चाप लावूनच. सीताबाईंनी चापाकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तिनं मासे विकले. कोणी भाव पाडून मागितला तर पहिल्यांदाच घासाघीस न करता देऊन टाकला. दीपेशचा निरोप आला, "झालं. अजून शुद्धीवर नाहीत." दुसऱ्या दिवशीही तेच. ती देव्हाऱ्यासमोर बसली, पण देवाकडे काय मागावं ते तिला सुचेना. तिनं फक्त चिमटा नीट बसलाय का ते बघितलं.

मग एका सकाळी ती कोळंबी निवडत असताना फोन वाजला. तिकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. नंतर खरखरीत, दमलेला, पण ओळखीचा चिडका आवाज.

"उघडलंस?"

सुगंधाच्या हातातली कोळंबी खाली पडली. "नाय," ती म्हणाली.

"शपथ?"

"देवामागे आसत पानां. मी ठेवलेली तशीच."

बाजूला दीपेश काहीतरी सांगत होता, बोलू नका, डॉक्टर रागावतील. आबांनी त्याला दटावलं ते तिला ऐकू आलं.

"गप रे मेल्या. तिकीट काढ आधी," ते म्हणत होते. "माका गावाक जावक होया."